पाडव्याला गाडी आणायचीय, पण आधी सगळे पैसे भरा, गाडी नंतर बघा म्हणतात

कोयनाकाठ (९ मार्च २०२६)

नमस्कार मंडळी. घरातली पहिलीच चारचाकी घेतेय आणि शेवटच्या टप्प्यावर येऊन अडकलेय. पाडवा १९ तारखेला आहे, म्हणजे हातात दहा दिवस. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपा करून सांगा.

मी कराडला एका दवाखान्यात परिचारिका आहे, घर पाटणजवळ. माझे वडील, अण्णा, पाटण आगारात ३१ वर्षं एसटीवर चालक होते. कुंभार्ली घाट त्यांनी धुक्यात, पावसात, रात्री-अपरात्री किती वेळा उतरला-चढला याची मोजदाद त्यांच्याकडेही नाही. पण स्वतःच्या नावावर एक सायकल आणि नंतर एक जुनी स्कूटर, एवढंच. आता वय ६६. लायसन्सचं नूतनीकरण केलेलं आहे, नजर चांगली आहे. शोरूममधून गाडी त्यांनी चालवत घरी आणावी, एवढ्यासाठी मी गेली तीन वर्षं पैसे बाजूला टाकतेय.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, पांढरी. सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हाच मनात पक्कं केलं होतं, पण पैसे जमेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. ११,००० भरून बुकिंग केलं, त्याची छापील पावती माझ्याकडे आहे. कोटेशन असं दिलंय:

एक्स-शोरूम ७,१२,०००
पासिंग (आरटीओची नोंदणी), टॅक्स धरून ८९,५००
विमा ४१,८००
वाढीव वॉरंटी १२,२००
ॲक्सेसरीज १४,५००
हँडलिंग ६,५००
फास्टॅग ५००
एकूण ८,७७,०००

बँकेने ५,५०,००० मंजूर केलेत. बुकिंगचे वजा करून मला ३,१६,००० भरायचेत. त्यातले १,२०,००० आईच्या भिशीचे आहेत, ते घरात रोख पडलेत.

परवा शनिवारी शोरूमला गेले. सेल्सचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पाडव्याला लाइन असते. १२ तारखेपर्यंत पूर्ण पेमेंट आलं तरच गाडी अलॉट करता येईल." मी म्हटलं, अलॉट करताय ती गाडी दाखवा. तर म्हणे गाडी यार्डात आहे, धुऊन-पॉलिश करून पाडव्याला सकाळी हार घातलेलीच बघा. शिवाय ४०,००० त्याच्या मोबाइल नंबरवर पाठवायला सांगतोय, ॲक्सेसरीजचे आणि पासिंगच्या एजंटचे, म्हणजे काम पटकन होईल. उरलेले शोरूमच्या खात्यात. विमा मी बाहेर विचारला तर २९,३०० सांगितले. हे त्याला बोलले तर तो म्हणाला, बाहेरचा विमा घेतलात तर आमच्या वर्कशॉपला कॅशलेस (दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट भरणं) होणार नाही.

मुलगा बोलायला नम्र आहे. त्याच्या मनात काही वाईट असेल असं मला म्हणवत नाही. पण घरी आल्यावर अण्णांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, "डेपोची गाडी होती, माझी नव्हती. तरी रोज सकाळी तिच्याभोवती एक चक्कर मारून, चाकांना हात लावून मगच वर चढायचो. आणि ही आपली गाडी न बघता पैसे द्यायचे?"

त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पाडवा हुकला तर तेच जास्त हळहळतील हेही मला माहीत आहे. पैसे कधी द्यावेत, कोणत्या मार्गाने द्यावेत, रोख चालते का, आणि गाडी आधी बघण्याचा हट्ट धरावा का, एवढं सांगा.

जुना कॅशियर (९ मार्च, रात्री)

ताई, मी एका शोरूमच्या कॅश काउंटरवर ११ वर्षं काढली. आता ते काम सोडलंय, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

सगळ्यात आधी ते ४०,०००. ते पाठवू नका. त्या मुलाची नियत चांगली असो की वाईट, त्याच्या नंबरवर गेलेला रुपया आमच्या हिशोबात कधी येतच नाही. गाडीच्या नावाने जमा झालेले पैसे म्हणजे फक्त तेवढेच, ज्यांची शोरूमच्या नावाची, नंबर असलेली पावती निघते. डिलिव्हरीच्या दिवशी गेट पास देताना अकाउंटवाला संगणकावर तुमचं खातं उघडतो, त्यात ४०,००० कमी दिसले की गाडी थांबते. त्या वेळी तुमच्या हातात हार आणि नारळ असतो, घरचे उभे असतात, आणि माणूस पुन्हा पैसे भरून मोकळा होतो. मी हे काउंटरच्या आतून बघितलंय. एका आजोबांनी तर बायकोच्या हातातल्या पाटल्या काढायची तयारी केली होती. ते मी विसरलो नाही.

आता गाडी बघण्याबद्दल. हट्ट धराच, पण कशाचा धरायचा ते नीट समजून घ्या. "गाडी दाखवा" म्हटलं की तिथली कुठलीही पांढरी गाडी दाखवतील. तुम्ही मागायचा तो चासी नंबर, प्रत्येक गाडीचा वेगळा. १७ अक्षरं-अंकांचा असतो. "माझ्या नावावर कोणता चासी नंबर लावताय तो बुकिंग फॉर्मवर लिहा, सही-शिक्का द्या, आणि तीच गाडी यार्डात दाखवा." हे झाल्याशिवाय मोठी रक्कम हलवू नका. कारण साधं आहे. बिल, विमा, पासिंग, बँकेचा बोजा (कर्जाची नोंद), सगळं त्या एका नंबरावर चढतं. एकदा पासिंग झालं की ती गाडी तुमची. मग दरवाजा रंगवलेला निघो की काच चिरलेली, "बदलून द्या" म्हणायला फारशी जागा उरत नाही, बहुतेक वेळा फक्त "दुरुस्त करून द्या" एवढंच म्हणता येतं.

१२ तारखेची मागणी मात्र अगदीच खोटी नाही. टॅक्स भरणं, आरटीओची मान्यता, नंबर पडणं आणि मग सुरक्षा नंबर प्लेट बनून येणं, याला दिवस लागतात. पाडव्याच्या आधी सगळ्या शोरूमचा माल एकदम तिथे जाऊन अडकतो. म्हणून उद्या किंवा परवाच यार्डात जा. प्लेट लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, "प्लेट मागाहून लावू" म्हणाले तरी नाही. नव्या गाड्यांना ही प्लेट १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे आणि तिचे पैसे वेगळे द्यायचे नसतात.

कोटेशन वाचलं. पासिंगचे ८९,५०० जास्त वाटतात. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के टॅक्स आहे. ७,१२,००० चे ११ टक्के म्हणजे ७८,३२०. नोंदणीचे ६००, बँकेचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००, वर थोडा उपकर आणि टपाल. त्यापुढचं जे आहे ते एजंटचं. "सरकारी पावतीवर जेवढी रक्कम येईल तेवढी घ्या" एवढं एक वाक्य मॅनेजरसमोर बोला. पावतीवर आकडा छापलेला असतो, लपवता येत नाही. आणि पासिंगच्या अर्जात मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा. एजंट स्वतःचा टाकतात आणि मग आयुष्यभर प्रत्येक ओटीपीसाठी त्याला शोधत बसावं लागतं.

हँडलिंग देऊ नका. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च किमतीत धरलेला असतो. शांतपणे "हे काढा" म्हणा, बहुतेक काढतात.

विमा कुठून घ्यायचा ती तुमची मर्जी. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. १,००० ते १,५०० सीसीला त्याचा हप्ता १०,६४० आणि वर जीएसटी, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि झिरो डेप्रिसिएशनसारख्या (भरपाई देताना पार्टची झीज न कापणाऱ्या) जोडण्यांमध्ये. तिथे दोन्हीकडे एकच गोष्ट मिळतेय का ते बघा. गाडीची विम्यातली किंमतही बघा, नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे तुमची ६,७६,४०० व्हायला हवी. स्वस्त विम्यात हा आकडा हळूच खाली ओढलेला असतो. कॅशलेसचं म्हणाल तर ते विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर असतं, विमा कुणाकडून विकत घेतला यावर नाही. कंपनीला फोन करून विचारा.

रोख रकमेचं: एका गाडीच्या व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला शोरूमला २०१७ पासून बंदी आहे. दोन दिवसांत तोडून दिली तरी गाडी एकच, म्हणून चालत नाही. तुमचे १,२०,००० त्या मर्यादेत बसतात, काउंटरवर पावती घेऊन देता येतील. पण माझं ऐकाल तर आधी स्वतःच्या खात्यात भरा आणि बँकेतून थेट शोरूमच्या खात्यात एकच आरटीजीएस करा. उद्या काही वाद झालाच तर बँकेच्या पासबुकातल्या एका ओळीइतका पक्का साक्षीदार दुसरा नाही.

घाटमाथा (१० मार्च)

कॅशियर दादांनी लिहिलंय ते माझ्या घरात घडलेलं आहे. भावाच्या गाडीच्या वेळी सेल्सवाल्याच्या नंबरवर २५,००० पाठवले होते, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि कोटिंगचे. डिलिव्हरीच्या आठ दिवस आधी तो नोकरी सोडून गेला. शोरूम म्हणालं आमच्याकडे नोंद नाही, तुमचं तुम्ही बघा. त्याचा फोन बंद. मेसेजचे फोटो, पैसे गेल्याची नोंद, सगळं घेऊन भाऊ चार महिने फेऱ्या मारत होता. शेवटी मालकाने १५,००० च्या ॲक्सेसरीज देऊन विषय संपवला. १०,००० गेले ते गेलेच. त्यातही भावाला पैशांपेक्षा लागलं ते हे, की त्या पोराच्या लग्नाला तो जाऊन आला होता.

ताई, त्याला सरळ सांगा की घरातून परवानगी नाही, पैसे फक्त खात्यात. चांगला मुलगा असेल तर वाईट वाटून घेणार नाही.

रानवाट (१० मार्च)

एक वेगळं सुचवतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या असते. त्या दिवशी कुणी गाडी नेत नाही, शोरूम रिकामं असतं. पाडव्याला सकाळी मात्र मांडवात लग्नं लागावीत तशा एकामागून एक गाड्या बाहेर काढतात, पाच मिनिटांत सह्या, फोटो, पुढचा नंबर. तुम्ही १८ तारखेला दुपारी उन्हात जा. कागद वाचा, गाडी पुन्हा एकदा बघा, दुसरी चावी, जॅक, पाना, स्टेपनी मोजून घ्या, सह्या करा. पाडव्याला फक्त पूजा आणि चावी. मी माझी गाडी अशीच घेतली, आणि त्या सकाळी आमच्या घरात कुणाच्याच कपाळाला आठी नव्हती.

कोयनाकाठ (१० मार्च)

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना सगळं वाचून दाखवलं. अमावस्येची कल्पना त्यांना फार आवडली. उद्या माझी सुट्टी आहे, आम्ही दोघं यार्डात जातोय. बँकेचं काय करायचं तेवढं कुणी सांगाल का? कर्जाचे पैसे माझ्या खात्यात येतात की थेट शोरूमला? आणि मी ते थांबवून ठेवू शकते का?

पासबुक (१० मार्च)

मी एका सहकारी बँकेत वाहनकर्ज बघते, म्हणून उत्तर देते. कर्जाची रक्कम थेट शोरूमच्या खात्यात जाते, तुमच्या हातात येत नाही. त्याआधी बँक तुमच्या हिश्श्याची रक्कम भरल्याची पावती मागते, त्याला आम्ही मार्जिन मनी म्हणतो. म्हणजे क्रम असा ठरतो: तुमचे पैसे आधी, आमचे नंतर. म्हणून गाडी बघायची ती तुमचे पैसे भरण्याच्या आधी, कारण तुमची पावती आली की आमच्याकडची चाकं आपोआप फिरायला लागतात.

थांबवता येतं, नक्की येतं. शाखेत जाऊन लेखी द्या की माझा फोन आल्याशिवाय रक्कम सोडू नका. व्याज रक्कम सुटल्या दिवसापासून लागतं, तुम्ही गाडीत बसल्या दिवसापासून नाही. माझ्याकडे एक शिक्षक आले होते, त्यांची रक्कम सुटून महिना झाला होता आणि हव्या त्या रंगाची गाडी अजून कारखान्यातून निघालीच नव्हती. पहिला हप्ता त्यांनी गाडी न बघता भरला.

पण पाडव्याच्या भरवशावर राहू नका. त्या दिवशी आपल्याकडे बँकेला सुट्टी, आरटीओला सुट्टी. आरटीजीएस, एनईएफटी रात्रंदिवस चालतात म्हणून तुमचे पैसे तुम्ही मोबाइलवरूनही पाठवू शकाल, पण कर्ज सोडायला शाखेत माणूस लागतो. त्यात मार्चअखेर. तुमच्या अधिकाऱ्याला आजच फोन करून ठेवा.

आरटीजीएस करताना एक नीट बघा. गेल्या एप्रिलपासून खाते क्रमांक टाकला की खातेदाराचं नाव आधी दिसतं. ते नाव कोटेशनवरच्या कंपनीचंच आहे ना हे जुळवा. शोरूमच्या पाटीवर एक नाव आणि खात्यावर दुसरं असं पुष्कळदा असतं, त्यात गैर काही नाही, पण खात्री अकाउंट विभागाकडून करून घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या खाते क्रमांकावर विसंबू नका. पैसे गेले की यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर) जपून ठेवा आणि त्यांची छापील पावती त्याच दिवशी घ्या.

विम्यावर बँकेचं नाव लागलंय का हेही बघा. आणि कर्ज फिटेल त्या दिवशी बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवायला विसरू नका. लोक हप्ते संपले की पेढे वाटतात आणि कागद तसाच राहतो. मग दहा वर्षांनी गाडी विकताना आमच्याकडे येतात, तोवर कधी कधी शाखाच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

जुना कॅशियर (१० मार्च)

यार्डात जाताना अजून दोन गोष्टी. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ४१२५ म्हणजे २०२५ चा ४१वा आठवडा. गाडी कधीची आहे याचा त्यावरून अंदाज येतो, खरा महिना कंपनीच्या फॉर्म २२ वर आणि पुढे आरसीवर येतो. मार्चमध्ये बऱ्याच गाड्या मागच्या वर्षीच्या असतात. घ्यायला हरकत नाही, पण विकताना वर्ष २०२५ च धरतात, तेव्हा सवलत मागून घ्या. आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बाजूने बघा, रंगातला फरक डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही. अण्णांना सोबत नेताय ते उत्तम.

कोयनाकाठ (२२ मार्च)

उशिरा लिहितेय, माफ करा. ड्यूटी, पाहुणे आणि पाडवा सगळं एकदम आलं. जसं झालं तसं सांगते.

११ तारखेला सकाळी साडेआठला आम्ही यार्डात होतो. चासी नंबर मागितल्यावर आधी बरीच टाळाटाळ झाली, मग मॅनेजरनी स्वतः येऊन लिहून दिला. गाडी धुळीने भरलेली होती. अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि एक चक्कर मारली, मग दुसरी. मला काहीच वावगं दिसत नव्हतं. ते मागच्या डाव्या दारापाशी थांबले, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि बिजागरीच्या बोल्टवर बोट ठेवलं. म्हणाले, "हा बोल्ट खोललाय. बाकी तिन्ही दारांच्या बोल्टवर रंग सलग आहे, इथे पाना फिरल्याची खूण आहे." मग आम्ही तिरप्या उन्हात बघितलं, तर त्या दाराची छटा खरंच जरा वेगळी होती. मीटरवर १४३ किलोमीटर. टायरवर ३८२५.

मॅनेजर म्हणाले, ट्रेलरवरून उतरवताना लागलं असेल, कंपनीच्याच रंगाने केलंय, काही फरक पडत नाही. अण्णा आवाज चढवणारे नाहीत. ते एवढंच म्हणाले, "साहेब, पोरीने रात्रपाळ्या करून पैसे आणलेत. तिला रंगवलेलं दार देऊ नका." त्यावर तो माणूस दोन मिनिटं काही बोलला नाही. मग आत जाऊन दुसरा नंबर घेऊन आला. दुसरी गाडी यार्डाच्या पार टोकाला होती, ९ किलोमीटर चाललेली, जानेवारी २०२६ ची. अण्णांनी तिलाही तेवढाच वेळ दिला. स्टेपनी काढून बघितली, काचांवरच्या खुणा बघितल्या, खाली वाकून तेल कुठे गळतंय का ते बघितलं. मग मला मान हलवून होकार दिला. तो चासी नंबर बुकिंग फॉर्मवर, सही-शिक्क्यासह.

मग बसून कोटेशन पुन्हा केलं. हँडलिंग निघालं. पासिंग सरकारी पावतीप्रमाणे ठरलं, त्यात नंतर ७,२०० कमी झाले. विमा बाहेर घेते म्हटल्यावर शोरूमनेच झिरो डेप्रिसिएशनसह ३१,२०० ला दिला, किंमत ६,७६,४०० च धरून. बाहेरच्या २९,३०० मध्ये ती कमी धरली होती, दादांनी सांगितलं नसतं तर माझ्या ते लक्षात आलं नसतं. ॲक्सेसरीजमधून फक्त मॅट आणि मडफ्लॅप ठेवले, ४,३०० चे. वाढीव वॉरंटी ठेवली. एकूण ३४,५०० कमी झाले. ३,१६,००० चे २,८१,५०० झाले.

सेल्सच्या मुलाला मी म्हटलं, तुझ्या नंबरवर नाही पाठवणार. त्याचा चेहरा पडला, पण म्हणाला, "बरोबर आहे ताई तुमचं." पहिल्यांदाच मॅडमऐवजी ताई म्हणाला. त्याच्यावर टार्गेट असतं, ॲक्सेसरीजचे आकडे त्याच्या नावावर दाखवावे लागतात, हे त्यानेच नंतर सांगितलं. मला त्याचा राग नाही.

भिशीचे पैसे आईने स्वतः माझ्या खात्यात भरले. स्लिपवर पॅन नंबर लिहावा लागला, तो तिने माझ्याकडून दोनदा तपासून घेतला. १२ ला आरटीजीएस केलं. खाते क्रमांक टाकला तर नाव वेगळंच आलं, काळजात धस्स झालं. पासबुक ताईंचं वाक्य आठवलं, अकाउंट विभागाला लँडलाइनवर फोन केला. ते त्यांच्या कंपनीचं नोंदणीचं नाव होतं, बुकिंगच्या पावतीवर तळाला बारीक अक्षरात तेच छापलेलं होतं. मग पाठवले. पावती अर्ध्या तासात मिळाली. बँकेला १३ ला फोन करून कर्ज सोडायला सांगितलं. नंबर एमएच-५० चा पडला, माझ्या मोबाइलवर मेसेज आला.

१८ ला, अमावस्येच्या दुपारी, शोरूममध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं. एका ताईंनी पाऊण तास बसून बिल, विमा, टॅक्सची पावती, वॉरंटीचं पुस्तक सगळं दाखवलं. प्लेट पुढे-मागे लागलेल्या होत्या. दोन्ही चाव्या लावून बघितल्या. फास्टॅग माझ्याच गाडीच्या नंबरावर आहे का ते बघितलं. यार्डात लिहून घेतलेला चासी नंबर अण्णांनी बॉनेट उघडून गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला.

पाडव्याला गुढी उभारून सकाळी नऊला गेलो. खरंच खूप गर्दी होती. आईने ओवाळलं, नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवलं. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले, मला म्हणाले, "पट्टा लाव." मग आधी पंपावर गेलो, कारण टाकीत जेमतेम पाच लिटर होतं. तिथून विजयनगर, मल्हारपेठ, निसरे, पस्तीस-एक किलोमीटर. ते एकदाही पन्नासच्या वर गेले नाहीत. मल्हारपेठच्या स्टँडजवळ समोरून एसटी आली. अण्णांनी दिवा दिला, तिकडूनही दिवा आला. तो चालक त्यांना ओळखत नसणार, आताची सगळी पोरं नवीन आहेत. पण ते घरी पोचेपर्यंत त्याबद्दलच बोलत होते.

टॅक्सच्या फरकाचे पैसे काल खात्यात आले. आरसी डिजिलॉकरमध्ये दिसतेय, कार्ड टपालाने यायचंय. निर्मिती ०१/२०२६ अशीच आलीय. आता अण्णांचं म्हणणं आहे की पहिल्या सर्व्हिसच्या आधी एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन यायचं. नव्या गाडीला पहिल्या हजार किलोमीटरमध्ये घाट चालतो का, की थांबावं? कॅशियर दादा, तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

जुना कॅशियर (२२ मार्च)

ताई, वाचून खूप बरं वाटलं. घाट चालतो. चढाला खालचा गिअर ठेवा, इंजिन ओढायला लावू नका, एकाच वेगात लांबवर पळवू नका आणि ब्रेक पहिले काही दिवस जरा हळू लागतील हे लक्षात असू द्या. पुस्तिकेत सुरुवातीच्या किलोमीटरसाठी एक पान दिलेलं असतं, ते वाचा. बाकी अण्णांना घाट कसा उतरायचा हे मी सांगणं बरं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.